दौऱ्याच्या अहवालात नसलेला दिवस

सात दिवसांचा जपान दौरा, अहवालाची पानं एकतीस.
भट्टी किती टनांची, राख कुठे जाते,
गाळाचं काय करतात, सगळं आलंय त्यात.
सहाव्या दिवसापुढे मी लिहिलंय : स्थानिक भ्रमण.
एवढंच.

रात्रीचे अडीच. सराफा आवरतोय.
गराडूच्या कढईतलं तेल निवत ठेवलंय,
कुणी शेवटच्या खोपरा पॅटिसचा भाव पाडून मागतोय,
आणि मी, या भागाचा दरोगा
(पोलिसातला नव्हे, झाडूचा),
बंद पेढीच्या ओट्यावर बसून
त्या सहाव्या दिवसाकडे बघतोय.

देवळात देव दिसला नाही.
असेल आत कुठे, काळोखात, पडद्यामागे.
बूट काढायला लावले तेव्हा कळलं,
माझ्या उजव्या मोज्याला भोक आहे
आणि बुचकेसाहेबांच्या डाव्या.
मग दोघंही लाकडी ओसरीवर
पावलं मांडीखाली लपवून बसलो.
समोर बाग.

बाग, पण झाड एक नाही.
पांढरी खडी, आपल्या पाव इंची चुरीसारखी,
तिच्यावर दाताळ्यानं ओढलेल्या रेघा,
आणि मध्ये काही दगड,
ट्रकमधून पडलेले, कुणी न उचललेले, असे.
मला वाटलं काम अर्धवट आहे.
साहेब म्हणाले, ठेकेदार पळाला असेल.
मग बराच वेळ
आम्ही काहीच बोललो नाही.

मागच्या अंगाला शेवाळ.
आमच्याकडे शेवाळ म्हणजे तक्रार क्रमांक,
टाकीपाशी घसरून पडलेलं कुणी, ब्लीचिंग पावडर.
इथे एक बाई गुडघ्यांवर बसून
चिमट्यानं गवत उपटत होती
आणि शेवाळ ठेवत होती.
मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. सवयच तशी.
तिनं मान वर केली नाही.
दुभाषी मियुकी म्हणाली, एकेचाळीस वर्षं येतात या.
मी विचारलं, कायम की रोजंदारीवर?
मियुकीनं ते बहुतेक विचारलंच नाही.
दोघी भलतंच काही बोलल्या, हसल्या.

दुपारी तळ्याकाठी घरची लसणाची शेव काढली.
मासे वर आले, तोंडं उघडून, नगरसेवकांसारखे.
एक शेव खाली पडली.
मी वाकून उचलली.
कुणी बघत नव्हतं तरी.
कागद टाकायला पेटी शोधली, कुठेच नव्हती.
तो कागद माझ्या खिशातून इंदूरला आला.

खडा मात्र नंतर सापडला,
बुटाच्या तळव्याच्या खाचेत रुतलेला.
बागेतला नव्हे, वाटेवरचा असणार.
चोरी म्हणावी की कचरा, ठरेना.
तेव्हापासून रुमालात आहे.

रामकन्या येते. लांब दांड्याचा झाडू.
पाणी मारलेल्या फरशीवर
तिचे फटके उमटतात कमानीसारखे, एकात एक.
मी बघत राहतो, त्याच रेघा...
पण ती थोडीच रेघा ओढतेय?
ती लोटतेय द्रोण, चमचे, कुणाची तरी उलटी,
आणि घरी जाऊन तिला पाणी भरायचंय.
मला रेघा दिसतात
कारण मी ओट्यावर बसलोय.

घाम पुसायला रुमाल काढला
आणि खडा टप्पकन तिच्या झाडूपुढे.
ती वाकते, उचलते, दिव्याकडे धरते.
"दरोगाजी, ये किसमें? गीले में कि सूखे में?"

सगळे डबे मला तोंडपाठ आहेत, रंगांसकट.
झोपेत विचारा.
मी नुसताच बघतो तिच्याकडे.

ती खडा जाकिटाला पुसते.
"पोती को दे दूँ? पाँचे खेलती है.
चार ही बचे हैं उसके."
आणि हो म्हणायच्या आत
तो तिच्या कमरेच्या बटव्यात.

"पाँव उठाओ."

मी दोन्ही पाय ओट्यावर घेतो.
उजव्या मोज्याचं भोक अजून तसंच आहे.
ती खालून झाडू फिरवते
आणि पुढच्या पेढीकडे सरकते.